लिंकनचा फोटो भिंतीकडे का वळला?

आपल्या वस्तीत 'रिपब्लिकन' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर निळा झेंडा येतो. बाबासाहेबांच्या संकल्पनेतून साकारलेला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला पक्ष. त्यामुळे एका अभ्यासवर्गात बारावीतल्या एका मुलाने जो प्रश्न विचारला तो अगदी स्वाभाविक होता. "दादा, गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता ना? मग अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक रिपब्लिकन पक्षाला मत का देत नाहीत?"

वर्गात मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितले, पण माझेच समाधान झाले नाही. दोन वाक्यांत मावणारा हा विषय नाही. दीडशे वर्षांत एका पक्षाने कोणाची मते हवीत आणि कोणाची नकोत याचा हिशेब कसा मांडला, त्याचा हा इतिहास आहे. हा हिशेब काही फक्त बंद खोलीत झाला नाही. त्या पक्षातल्या पुराणमतवादी विचारवंतांनी आणि निवडणूक-डावपेचकारांनी तो लेखांतून, मुलाखतींतून, भाषणांतून उघड मांडला. आपण तो वाचत नाही, एवढेच.

ज्या पक्षाने मत दिले, त्यानेच सोडून दिले

रिपब्लिकन पक्षाचा जन्म १८५४ चा. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, या मुद्द्यावर तो उभा राहिला. १८६० मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, दक्षिणेतली राज्ये फुटली, यादवी युद्ध झाले. युद्धानंतर या पक्षाने राज्यघटनेत तीन दुरुस्त्या घडवून आणल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. त्याच १८७० साली मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. कालपर्यंत ज्यांची बाजारात विक्री होत होती, त्यांच्यातले लोक विधिमंडळात बसू लागले. हे सारे रिपब्लिकन पक्षाच्या झेंड्याखाली घडले. त्या काळात गुलाममालकांचा आणि वर्णवर्चस्ववाद्यांचा पक्ष होता डेमोक्रॅटिक. हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही.

मग बिघडले कुठे? १८७६ च्या निवडणुकीत. रिपब्लिकन उमेदवार हेज आणि डेमोक्रॅट टिल्डन यांच्यात निकाल अडकला. फ्लोरिडा, लुईझियाना, साउथ कॅरोलायना या राज्यांची मते वादात सापडली. अखेर हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने राष्ट्राध्यक्ष ठरले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्रीय सैन्य हटवले गेले. कृष्णवर्णीय मतदाराला मतपेटीपर्यंत सुखरूप पोहोचवणारा शेवटचा आधार गेला. खुर्ची उत्तरेला मिळाली, माणसे दक्षिणेच्या ताब्यात गेली.

पुढचे काम कायद्याने झाले. मिसिसिपीने १८९० च्या नव्या राज्यघटनेत 'काळ्यांना मत नाही' असे कुठेही लिहिले नाही. दोन डॉलर मतदार-कर लावला. मतदाराने घटनेचे एखादे कलम वाचून दाखवावे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा योग्य अर्थ सांगावा, अशी अट घातली. अर्थ योग्य की अयोग्य हे ठरवणार कोण? समोर बसलेला गोरा नोंदणी-अधिकारी. एकामागून एक दक्षिणी राज्यांनी हाच कित्ता गिरवला. लुईझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले सुमारे १,३००. आठ वर्षांत शंभरातले नव्व्याण्णव मतदार यादीतून नाहीसे झाले आणि पंधरावी दुरुस्ती कागदावर जशीच्या तशी राहिली.

रिपब्लिकन पक्ष तेव्हा काय करत होता? १८९० मध्ये केंद्रीय निवडणुकांवर देखरेख ठेवणारे एक विधेयक त्याने प्रतिनिधीगृहात मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते बुडाले. त्यात काही रिपब्लिकन सिनेटरांचाही हात होता. त्यांना चांदीच्या नाण्यांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटत होता. त्यानंतर पक्षाने या विषयात पुन्हा डोके घातले नाही. कारण सरळ होते. ज्यांच्याकडे मतच उरले नाही, त्यांच्यासाठी भांडून पक्षाला काय मिळणार?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेच्या या इतिहासाकडे त्यांनी नुसते कुतूहलाने पाहिले नाही. १९४० च्या दशकातल्या लिखाणात, अस्पृश्य समाज काँग्रेसच्या स्वातंत्र्यलढ्यात डोळे मिटून का सामील होत नाही, याचे उत्तर देताना त्यांनी निग्रोंच्या याच विश्वासघाताचा दाखला दिला. लढाईत सोबत घ्यायचे आणि लढाई संपली की जुन्या मालकाशी समझोता करून वाऱ्यावर सोडायचे, ही गत अस्पृश्य विसरू शकत नाहीत, असा त्यांचा रोख होता. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. तेव्हा अमेरिकेचा हा इतिहास आपल्यासाठी परका नाही. तो आपल्या चळवळीच्या विचारात बाबासाहेबांनीच आणला आहे.

कर्ज फिटले

एवढे होऊनही ज्या कृष्णवर्णीयांना उत्तरेत मत देता येत होते, ते लिंकनच्या पक्षालाच मत देत राहिले. घराघरात लिंकनचा फोटो होता. उपकाराची जाणीव पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

ही साखळी तोडणाऱ्यांत रॉबर्ट व्हॅन हे नाव महत्त्वाचे. ते 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वृत्तपत्राचे संपादक आणि स्वतः रिपब्लिकन. १९३२ मध्ये महामंदीच्या काळात त्यांनी एका भाषणात लोकांना सांगितले की घरी जा आणि लिंकनचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते कर्ज पूर्ण फिटले आहे. त्या वर्षी सगळ्यांनी ऐकले नाही. पण रूझवेल्टच्या रोजगार आणि मदत योजनांचा थोडाफार वाटा आपल्यापर्यंत पोहोचतो हे दिसल्यावर १९३६ मध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिले. त्याच पक्षात दक्षिणेचे वर्णवर्चस्ववादीही बसले होते. व्हॅन यांनी लिंकनचा अपमान केला का? मुळीच नाही. लिंकनचे नाव विकून खाणाऱ्यांचा धंदा त्यांनी बंद केला.

तरीही दार पूर्ण बंद झाले नव्हते. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांना कृष्णवर्णीयांची जवळपास चाळीस टक्के मते मिळाल्याचा अंदाज आहे. म्हणजे १९६० च्या उंबरठ्यावर रिपब्लिकन पक्षासमोर दोन रस्ते होते. ही मते वाढवायची, किंवा नागरी हक्कांवर चिडलेल्या दक्षिणेतल्या गोऱ्यांना आपल्याकडे ओढायचे.

बदके जिथे आहेत तिथे

पुराणमतवादी गोटात या प्रश्नावर खुली चर्चा झाली. 'नॅशनल रिव्ह्यू' हे विल्यम बकली यांचे नियतकालिक या गोटाचे मुखपत्रच. ऑगस्ट १९५७ च्या संपादकीयात त्याने प्रश्न टाकला की दक्षिणेत जिथे गोरे संख्येने कमी आहेत, तिथेही राजकीय वर्चस्व ठेवण्याचा हक्क त्यांना आहे का? उत्तर दिले, होय, कारण तूर्त तो अधिक प्रगत वंश आहे. म्हणजे एक माणूस एक मत हे तत्त्व संस्कृतीच्या नावाखाली बाजूला ठेवायचे. ही भाषा आपल्या कानांना नवी आहे का? 'अजून लायक झाले नाहीत' हा युक्तिवाद आपल्या बापजाद्यांनी ऐकला आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याच नियतकालिकात बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांनी या भूमिकेला विरोध केला. पंधरावी दुरुस्ती हा कायदा आहे, तो मोडून कसला पुराणमतवाद, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे २००४ मध्ये खुद्द बकलींनीही मान्य केले की आपले चुकले, केंद्राचा हस्तक्षेप आवश्यकच होता. पण तोवर सत्तेचाळीस वर्षे गेली होती.

पुढचे नाव बॅरी गोल्डवॉटर. अॅरिझोनाचे सिनेटर, पुराणमतवाद्यांचे दैवत. १९६१ मध्ये अटलांटात ते म्हणाले की निग्रोंची एकगठ्ठा मते आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा शिकार तिथे करावी जिथे बदके आहेत. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी त्याच्या बाजूने मत दिले. रिपब्लिकन नेते डर्कसन यांच्या मदतीशिवाय तो कायदा झालाच नसता. विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकनांत एक होते गोल्डवॉटर, आणि पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली ती त्यांनाच. ज्यांनी कायदा केला ते मागे राहिले, ज्याने विरोध केला तो पुढे गेला.

निकाल काय लागला? गोल्डवॉटर देशभर दारुण हरले. पण स्वतःच्या अॅरिझोनाखेरीज त्यांनी मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना आणि साउथ कॅरोलायना जिंकले. मिसिसिपीत ८७ टक्के मते! जिथे रिपब्लिकन हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, तिथे. कृष्णवर्णीयांच्या मतांत त्यांचा वाटा सुमारे सहा टक्क्यांवर घसरला. पक्षाच्या डावपेचकारांनी या पराभवात नकाशा पाहिला.

१९६८ मध्ये निक्सन जिंकले, पण अवघ्या ४३ टक्के मतांवर. वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी साडेतेरा टक्के मते आणि दक्षिणेतली पाच राज्ये घेतली. निक्सन यांच्या प्रचारात काम केलेले तरुण विश्लेषक केव्हिन फिलिप्स यांनी १९६९ मध्ये पुस्तक लिहून मांडले की निक्सन आणि वॉलेस यांची मते एकत्र आली की रिपब्लिकन बहुमत पक्के होते. १९७० मध्ये एका मुलाखतीत ते आणखी मोकळेपणाने बोलले. कृष्णवर्णीयांची दहा-वीस टक्क्यांहून जास्त मते पक्षाला मिळणार नाहीत, आणि तेवढ्याची गरजही नाही. पण म्हणून १९६५ चा मताधिकार कायदा ढिला करणे मूर्खपणाचे ठरेल. कारण दक्षिणेत जितके कृष्णवर्णीय डेमोक्रॅट म्हणून नोंदणी करतील, तितके त्यांचा तिटकारा करणारे गोरे तो पक्ष सोडून आपल्याकडे येतील.

हे पुन्हा वाचा. कृष्णवर्णीयाचे मत वाचवायचे ते त्याच्या हक्कासाठी नाही, तर त्याला पाहून दुसऱ्याने पळावे म्हणून. पुढे हेच फिलिप्स आपल्या पक्षाचे कडवे टीकाकार झाले, ही गोष्ट वेगळी.

शब्द सभ्य झाले

तो मताधिकार कायदा फुकट मिळालेला नव्हता. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला, तेव्हा कुठे ६ ऑगस्टला त्यावर सही झाली. मिसिसिपीत कायद्यापूर्वी पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्के नोंदलेले होते. १९६७ पर्यंत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. मतदार यादीत नाव आले की राजकारणाची भाषा बदलते, हे इथे दिसते. उघड शिवी देणे आता महाग पडू लागले.

ली अॅटवॉटर या दक्षिणी डावपेचकाराने १९८१ मध्ये एका राज्यशास्त्रज्ञाला दिलेल्या मुलाखतीत हे स्वच्छ सांगितले. १९५४ मध्ये उघड शिवी चालत होती. १९६८ पर्यंत ती अंगावर उलटू लागली. मग 'राज्यांचे हक्क' आणि 'शाळेच्या बसची सक्ती' असे शब्द आले. आणि पुढे तर फक्त करकपातीची भाषा उरली, जिच्यात वंशाचा उल्लेखही नसतो, पण फटका कोणाला जास्त बसतो हे ऐकणाऱ्याला कळते. अॅटवॉटरचा दावा होता की भाषा इतकी अमूर्त झाली म्हणजे वंशाचा प्रश्न मागे पडत चालला आहे. ज्याला फटका बसतो त्याने या दाव्यावर विश्वास ठेवायचा का, हे आपण ठरवू शकतो. १९८८ च्या निवडणुकीत एका कृष्णवर्णीय गुन्हेगाराचा चेहरा प्रचाराचे हत्यार बनला, तेव्हा प्रचाराची सूत्रे याच अॅटवॉटरच्या हाती होती. १९९१ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने त्या प्रचारातल्या क्रौर्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

दुसरे नाव पॉल वेरिच, हेरिटेज फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक. १९८० मध्ये डॅलसला धार्मिक नेत्यांसमोर त्यांनी सांगितले की सगळ्यांनी मतदान करावे असे मला वाटत नाही. मतदार जितके कमी होतील तितके निवडणुकीतले आपले वजन वाढते. लोकशाहीत याहून प्रामाणिक कबुली मिळणे कठीण.

आक्षेप आणि कबुली

आजचे काही पुराणमतवादी अभ्यासक म्हणतात की 'दक्षिणी डावपेच' ही डाव्यांची कहाणी आहे. दक्षिण बदलली ती पैशामुळे. कारखाने आले, शहरांभोवती उपनगरे वाढली, नवा मध्यमवर्ग उभा राहिला आणि तो कमी करांच्या पक्षाकडे गेला. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. १९५२ मध्येच आयझेनहॉवर यांनी टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, टेनेसी ही दक्षिणी राज्ये जिंकली होती आणि स्थानिक निवडणुकांत दक्षिणेला पूर्ण रिपब्लिकन व्हायला पुढे कित्येक दशके लागली. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एका कारणाने सगळे घडले असे म्हणणार नाही.

पण १९६४ ची मिसिसिपी उपनगरांनी समजावता येत नाही. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी ते एक. तिथले ८७ टक्के मतदार अचानक करकपातीच्या प्रेमात पडले नव्हते. आणि सर्वांत मोठा साक्षीदार त्या पक्षाचाच आहे. जुलै २००५ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेच्या अधिवेशनात जाऊन कबूल केले की आमच्यातल्या काहींनी तुमची मते मिळवण्याचा प्रयत्न सोडला, वांशिक ध्रुवीकरणाचा फायदा घेतला, आणि हे चुकले. जी गोष्ट घडलीच नाही, तिची माफी पक्षाध्यक्ष मागत नाही.

२००६ मध्ये मताधिकार कायद्याची मुदत सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी वाढवली आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. मग २०१३ साल आले. मार्चमध्ये पक्षाच्याच समितीने अहवाल दिला की अल्पसंख्याक आणि स्थलांतरितांपर्यंत पोहोचल्याशिवाय पक्षाला भविष्य नाही. दुसऱ्या बाजूला काही विश्लेषक सांगत होते की घरी बसलेले गोरे श्रमिक मतदार शोधा. आणि २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी मताधिकार कायद्याचा कणा मोडला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. कोणत्या राज्यांना घ्यावी लागेल हे ठरवणारे सूत्रच रद्द झाले. टेक्सासने त्याच दिवशी छायाचित्र ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलायनाने काही आठवड्यांत असा कायदा केला की २०१६ मध्ये अपील न्यायालयाला म्हणावे लागले, शस्त्रक्रियेच्या अचूकतेने कृष्णवर्णीय मतदारांना लक्ष्य केले आहे. १८९० चा मतदार-कर गेला, कागदपत्रे आली.

गंमत अशी की वेरिच यांचे गणितही आता कायमचे खरे राहिलेले नाही. २०२४ मध्ये मतदान भरपूर झाले आणि तरीही ट्रम्प जिंकले. मतदानोत्तर चाचण्यांनुसार कृष्णवर्णीयांची सुमारे १३ टक्के मते त्यांना मिळाली; पुरुषांमध्ये हे प्रमाण अधिक होते. डेमोक्रॅटिक पक्षाने या मतांना घरची शेती समजण्याची चूक केली, असे म्हणणारे कृष्णवर्णीय विचारवंत आज कमी नाहीत. लिंकनचा फोटो वळवणाऱ्यांच्या नातवंडांनी रूझवेल्टचा फोटो तरी कायम सरळ का ठेवावा?

त्या मुलाला उत्तर

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. लिंकनचा पक्ष लिंकनचा राहिला नाही, कारण ज्यांच्यासाठी तो उभा राहिला त्यांचे मत आधी हिरावले गेले. मत गेल्यावर पक्ष गेला. मग मत परत मिळाले, ते रक्त सांडून, तोवर त्या पक्षाने दुसरी बदके शोधली होती.

यातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली, फोटोवर मत देऊ नये. कोणाच्या मंचावर बाबासाहेबांची तसबीर किती मोठी आहे, हे पाहण्यापेक्षा त्या मंचावरच्या माणसाने सभागृहात कोणत्या विधेयकावर कुठे मत दिले, ते पाहावे. दुसरी, विरोधकाचे लिखाण वाचावे. शिव्या देण्याआधी वाचावे. आपल्याविरुद्ध कोणता हिशेब मांडला जातो आहे, हे तो बहुतेक वेळा स्वतःच लिहून ठेवतो. तिसरी, मतदार यादी हा कारकुनी विषय नाही. घटनेचे कलम एका अक्षराने न बदलता, एक फॉर्म, एक अट, एक तारीख बदलून लाखो माणसे यादीबाहेर काढता येतात. लुईझियानाने ते आठ वर्षांत करून दाखवले.

सायमन कमिशनपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला, तेव्हा या देशात मत ही मालमत्ताधारकांची चैन होती. शिक्षण नाही, जमीन नाही, म्हणून मत नाही, हा न्याय त्यांनी मानला नाही. ते मत आज आपल्या हातात आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांची नावे मतदार यादीत तपासून यावे. चर्चा तिथून सुरू करू.

जय भीम!